मे महिना धरणाकाठच्या घरात, सगळ्या कुटुंबासह: महिनाभर जमेल का?

वेशीवरचा पिंपळ (६ एप्रिल, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी.

कोल्हापूर जिल्ह्यातील काळम्मावाडी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर माझ्या वडिलांच्या मावशीचे जुने कौलारू घर आहे. मावशीआजी तीन वर्षांपूर्वी गेल्या आणि तेव्हापासून त्या घराला कुलूप आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे चूल आणि परडे अशी साधी रचना असून परड्याच्या बांधापासून उतार थेट पाण्यापर्यंत जातो. दिवाळीच्या सुमारास पाणी बांधापासून हाकेच्या अंतरावर असते आणि मे महिन्यात ते इतके खाली जाते, की घागर भरून आणणाऱ्याला वाटेत दोनदा टेकावे लागते.

वडिलांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. काय हवे असे विचारल्यावर त्यांनी एकच मागितले: संपूर्ण मे महिना सगळ्यांनी मिळून त्या घरात राहायचे. आम्ही एकूण दहा माणसे आहोत. आई-वडील, आत्या, आम्ही दोघे, आमची मुलगी (वय १३) आणि मुलगा (वय ९), पुण्याचा धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. भावाला घरून काम करण्याची परवानगी मिळते. मी शाहूपुरीतील दुकान आठवड्यातून दोन दिवस येऊन पाहू शकतो.

भावाचे म्हणणे असे, की चार दिवस जावे, छायाचित्रे काढावीत आणि सर्वांची मने गोड असतानाच परतावे. माझे मत वेगळे आहे. चार दिवसांसाठी गेलेला माणूस त्या घरात पाहुणाच राहतो. कोणत्या फळीला पाय लावला की ती करकरते आणि संध्याकाळचा वारा कोणत्या खिडकीतून येतो, हे कळायलाच आठवडा जातो. तरीही दहा माणसे, एक न्हाणी आणि तीस दिवस या हिशेबाची मला काळजी वाटते. ज्यांनी असा उन्हाळा काढला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मंगळवार पेठ (६ एप्रिल, रात्री १०.०५)

दहा माणसे आणि एक न्हाणी असेल, तर पहिली आंघोळ पहाटे चारला आणि शेवटची दुपारच्या जेवणानंतर, असे वेळापत्रक आत्ताच भिंतीवर लावावे.

आता कामाचे सांगतो. तीन वर्षे बंद असलेल्या घराची कौले माकडांनी हलवलेली असणारच. एप्रिल संपण्यापूर्वी शाकारणी करून घ्यावी, कारण आपल्याकडे वळीव सांगून येत नाही. गारांचा वळीव झाला तर गळक्या सोप्यात दहा अंथरुणे कोठे हलवणार?

पाटबंधारे निवृत्त (७ एप्रिल, सकाळी ६.५०)

माझी सगळी नोकरी पाण्याच्या काठावर गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

काळम्मावाडी म्हणजे दूधगंगा नदीवरील धरण. त्याची साठवण क्षमता सुमारे २५.३९ टीएमसी आहे आणि शेजारच्या राधानगरीची ८.३६ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. आपण ज्याला घरासमोरचे तळे म्हणणार आहात, ते प्रत्यक्षात खालच्या गावांचे वर्षभराचे पाणी आहे. नद्यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरल्यावर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, धरणातून सोडलेले पाणी त्यात अडवतात आणि त्यावर ऊस, भाजीपाला व गावांच्या पाणीयोजना चालतात. पावसाळ्यापूर्वी ते बरगे पुन्हा काढले जातात. म्हणून उन्हाळ्यात दर आवर्तनाबरोबर, म्हणजे पाणी सोडण्याच्या प्रत्येक पाळीबरोबर, आपल्या परड्यापुढचे पाणी आणखी खाली गेलेले दिसेल.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे पूर्ण संचय पातळीच्या (धरण पूर्ण भरल्यावर पाणी जेथे पोहोचते त्या पातळीच्या) खालची उघडी पडलेली जमीन आपल्या घराची नसते. तेथे मांडव घालू नये, चर खणू नये, कुंपण तर मुळीच घालू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळावर वरून पापुद्रा धरतो आणि तो पक्का वाटतो, पण खाली गुडघाभर, काही ठिकाणी कमरेइतका चिखल असतो. गुरे त्यात रुततात आणि त्यांना काढायला गेलेली माणसेही रुतलेली मी पाहिली आहेत. पाण्यापर्यंत जाण्याची वाट स्थानिक माणसाने दाखवलेलीच वापरावी आणि ती दर आठवड्याला नव्याने विचारून घ्यावी, कारण पाणी हलले की वाटही बदलते.

माहेरचा रस्ता (७ एप्रिल, दुपारी २.३०)

धागाकर्त्यांनी माणसे मोजली, न्हाणी मोजली, दिवस मोजले. तीस दिवस, दहा माणसे, दोन वेळचे जेवण आणि शिवाय न्याहारी व चहा, हे कोण करणार याचा उल्लेख मात्र मला सापडला नाही.

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी सासरची चौदा माणसे एका तलावाकाठच्या मळ्यातील घरात तीन आठवडे राहिली. आजही घरात त्या उन्हाळ्याची आठवण निघाली, की सगळे भरभरून बोलतात. मला आठवते ती चुलीसमोरची खिडकी, कारण तलाव मी त्या खिडकीतूनच पाहिला. सकाळी भाकऱ्या थापताना पाणी रुपेरी दिसत असे आणि रात्रीची भांडी घासताना काळे. पोहायला मला येत होते, माझ्या माहेरी विहीर होती. पण त्या तीन आठवड्यांत माझा पाय एकदाही पाण्याला लागला नाही. कोणी मला मुद्दाम अडवले नव्हते. कोणाच्या लक्षातच आले नाही, आणि मीही बोलले नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

महिनाभर जरूर जावे. मात्र जाण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून स्वयंपाकाचे ठरवावे आणि ते कागदावर लिहावे.

भोगावती काठ (७ एप्रिल, दुपारी ४.१०)

ताई, आपले दुःख समजू शकतो, पण प्रत्येक गोष्टीचा कागद केला तर घराचे कार्यालय होईल. आमच्या आजीने पंचवीस माणसांचा स्वयंपाक हौसेने केला आणि तिच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही. एकत्र राहण्याचा आनंद त्या धावपळीतच असतो.

माहेरचा रस्ता (७ एप्रिल, सायंकाळी ५.००)

भाऊ, आजींनी तक्रार केली नाही हे आपण सांगितले. त्यांना कोणी विचारले होते का, हे आपण सांगितलेले नाही.

निवृत्त मास्तर (७ एप्रिल, रात्री ८.२०)

वरील दोघांच्या वादात मी ताईंच्या बाजूचा आहे. आम्ही तिघे भाऊ गेली बारा वर्षे उन्हाळ्यात तुळशी धरणाच्या परिसरातील आमच्या मूळ घरी पंधरा दिवस एकत्र राहतो. पहिल्या दोन वर्षांत आमच्या जावा-जावांमध्ये जी कुरबूर झाली, तिचे मूळ स्वभावात नव्हते. भांड्यांच्या ढिगात होते. तिसऱ्या वर्षापासून सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण पुरुषांकडे आले. रात्री एकच पदार्थ करायचा, पिठलं-भात किंवा आमटी-भाकरी. भाकरी गावातील एका मावशींकडून योग्य मोबदला देऊन घ्यायची. मला भाकरी थापता येत नव्हती. आता येते, आणि ती टम्म फुगते.

मुलांविषयीही थोडे लिहितो. माझ्या अनुभवाप्रमाणे पहिले चार-पाच दिवस मुले कंटाळली म्हणून सांगतील. त्या दिवसांत मोठ्यांनी घाबरून जाऊन शिबिरासारखे कार्यक्रम आखू नयेत. सहाव्या दिवशी त्यांना मुंगळ्यांची रांग दिसू लागते. तथापि महिनाभर चालणारे एक काम त्यांच्या हाती द्यावे. आमच्याकडे मुलांनी दर रविवारी पाण्याच्या कडेला बांबूची एक खुंटी ठोकायची आणि मागच्या रविवारच्या खुंटीपासूनचे अंतर पावलांनी मोजून वहीत लिहायचे, असा प्रघात आहे. पाणी हळूहळू उतरते हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले, पण एका आठवड्यात सत्तावीस पावले पाणी गेले, हे माझ्या नातवाने स्वतः मोजले तेव्हा त्याने विचारले, "आजोबा, मग ते कुठे गेले?" त्या प्रश्नावरून आम्ही बंधारे पाहायला गेलो आणि तेथून उसाच्या पाटापर्यंत पोहोचलो. खुंट्यांचे काम मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करायचे, हे पाटबंधारे साहेबांचे वाचून पुन्हा सांगतो.

रंकाळ्याची संध्याकाळ (८ एप्रिल, सकाळी ७.१५)

मला थोडे वेगळे सुचवायचे आहे. पाण्याकाठी कुटुंबासह उन्हाळा घालवण्यासाठी कोल्हापूरकराला एवढे लांब जायची गरज काय? आमचे घर रंकाळ्यापासून पाच मिनिटांवर आहे. लहानपणी मे महिन्यात मामाची, मावशीची मुले आली, की रोज संध्याकाळी आम्ही सगळे काठाने चालत जायचो. पाणी उतरले की संध्यामठ उघडा पडायचा आणि त्याच्या दगडी खांबांपर्यंत जाण्यासाठी आम्ही हट्ट करायचो. नंदीच्या देवळापाशी आजी ती प्रसिद्ध गोष्ट सांगायची: नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा रंकाळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो; तो तळ्याला पोहोचला की प्रलय होणार. आम्ही गहू आणि तांदूळ शेजारी ठेवून फरक मोजायचो आणि प्रलयाला अजून किती वर्षे आहेत याचे गणित मांडायचो. पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा, हातात भडंगाचा कागद आणि अंधार पडल्यावर गंगावेशीत धारोष्ण दूध. उन्हाळा म्हणजे आमच्यासाठी हेच होते.

वेशीवरचा पिंपळ (८ एप्रिल, सकाळी ९.३०)

रंकाळा माझाही आहे आणि आपले लिखाण वाचून मन भरून आले. पण रंकाळ्यावरून रात्री प्रत्येकजण आपापल्या घरी जातो. वडिलांना हवे आहे ते सकाळी उठल्यावर सगळे एकाच छपराखाली दिसणे.

ग्रामीण डॉक्टर (८ एप्रिल, रात्री ११.००)

दिवसभराच्या बाह्यरुग्णांनंतर लिहीत आहे, तरी लिहिणे आवश्यक वाटते.

दर उन्हाळ्यात धरणांत, खाणींत आणि नदीच्या डोहांत बुडण्याच्या घटना घडतात आणि त्यांतील बरेच जण सुट्टीसाठी गावी आलेले तरुण व मुले असतात. विहिरीत किंवा तलावात पोहता येणाऱ्याला धरणात पोहता येईलच असे नाही. बुडालेले जुने बांध, विहिरी, झाडांचे बुंधे पाण्याखाली असतात आणि उथळ उतार अचानक संपतो. मोठ्यांपैकी एकाने केवळ पाण्यातील माणसांवर लक्ष ठेवावे. त्या वेळी त्याच्या हातात भ्रमणध्वनी नसावा. जाड दोर आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब काठावर ठेवावी. कोणी बुडू लागल्यास त्याच्यामागे उडी न घेता आधी दोर किंवा ट्यूब फेकावी, हे मुलांनाही शिकवावे. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे दगावतात ते याच चुकीमुळे.

दुसरी बाब सापांची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांच्या विषावर आपल्याकडील प्रतिविष चालते, त्यामुळे रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचणे हाच उपचाराचा गाभा आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. चावा अनेकदा दुखतही नाही. म्हणून जमिनीवर अंथरूण नको, खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवी. रात्री परड्यात जाताना बॅटरी हवी. दंश झाल्यास चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला धीर देत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे ना, हे राहायला जाण्यापूर्वीच स्वतः जाऊन विचारून यावे.

वडिलांची आणि आत्यांची नियमित औषधे दीड महिन्याची सोबत न्यावीत. आत्या इन्सुलिन घेत असतील आणि वीज जात असेल, तर मातीच्या माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवलेल्या भांड्याचा उपयोग होतो.

मंगळवार पेठ (९ एप्रिल, सकाळी ८.००)

डॉक्टरसाहेब, आपला प्रतिसाद मी छापून आमच्या गावच्या घराच्या दाराला चिकटवणार आहे. न्हाणीचे वेळापत्रक त्याच्या खाली.

टिटवी (९ एप्रिल, दुपारी १२.४०)

राधानगरी अभयारण्य शाहूसागर आणि लक्ष्मीसागर, म्हणजे काळम्मावाडी आणि राधानगरी, या दोन जलाशयांच्या परिसरात पसरलेले आहे. ते गव्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश आहे. उन्हाळ्यात रानातील पाणवठे आटले की गवे तिन्हीसांजेला जलाशयाच्या काठी उतरतात. लांबून पाहताना ते शांत दिसतात. तरीही त्यांच्या वाटेवर उभे राहू नये, विजेरीचा झोत टाकू नये आणि सोबत कुत्रे तर अजिबात नेऊ नये.

खुंट्यांची कल्पना मला फार आवडली, पण मुलांना एक गोष्ट सांगून ठेवावी. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या खडकाळ जमिनीवर टिटवी अंडी घालते. घरटे म्हणजे चार खडे बाजूला सारलेला खळगा, आणि अंडी इतकी दगडांसारखी, की पाय पडेपर्यंत कळत नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, की जेथे आहात तेथे थांबावे, पायाखाली पाहावे आणि आल्या पावली परतावे. पाण्यात उघड्या पडलेल्या बेटांवर नदीसुरय हा पक्षीही याच दिवसांत वीण करतो. तेथे होडी लावू नये. एका उन्हाळ्यात माझ्या भाचीने टिटवीच्या एका घरट्यावर वीस दिवस दुरून पहारा केला. दुपारच्या उन्हात मादी पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, हे तिने स्वतः टिपले आणि मला सांगितले.

भोगावती काठ (९ एप्रिल, सायंकाळी ६.१५)

पलीकडे राधानगरीला एक दिवस जरूर जाऊन यावे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतले आणि त्या नव्या वसाहतीला आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव दिले. महाराज १९२२ साली गेले. धरण पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. मे महिन्यात ते पाहायला मिळणार नाही, पण जुलैत दरवाजा उघडल्याची बातमी येते तेव्हा पंचगंगेकाठच्या प्रत्येक घरात काळजी सुरू होते, हे मुलांना तेथेच सांगता येईल. २०१९ चा महापूर आपण पाहिलाच आहे.

जाता जाता एक गोष्ट. काल रात्री मी आईला विचारले, की आजी खरोखर हौसेने करायची का. आई बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, की त्या सुट्ट्यांत आजी सगळ्यांच्या शेवटी जेवायची आणि बहुतेक वेळा आमटी संपलेली असायची. माहेरचा रस्ता, आपण विचारलेल्या प्रश्नाबद्दल आभार.

बुडीत गावची (१० एप्रिल, रात्री १०.२५)

चार दिवस हा धागा वाचते आहे. लिहावे की नाही, ठरत नव्हते.

ज्या पाण्याकाठी आपण जाणार आहात, त्या पाण्यात आमचे गाव आहे. धरणासाठी गाव उठले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आम्हाला खाली सपाटीला वसाहतीत जमीन मिळाली. जमीन वाईट नव्हती, पण ती काळी होती आणि आमच्या लोकांना तांबड्या मातीतला भात आणि नाचणी ठाऊक होती. माझे वडील दोन वर्षे तिच्याशी बोलल्यासारखे वागत राहिले. ढेकूळ उचलायचे, हातात फोडायचे आणि ठेवून द्यायचे. घराची कौले, दारे, तुळया आम्ही गाडीतून नेल्या. जाते नेता आले नाही, म्हणून आईने ते चौथऱ्यावर पालथे घातले आणि त्याला हळदकुंकू वाहिले.

मे महिन्यात पाणी उतरले की गावाचा वरचा भाग उघडा पडतो. विहिरीचा कठडा, पाराचे दगड, घरांचे चौथरे. सुरुवातीची काही वर्षे वसाहतीतील बायका त्या दिवसांत टेंपो करून येत असत, आपापल्या चौथऱ्यावर बसून भाकरी खात आणि संध्याकाळी परत जात. आता येणाऱ्या थोड्याच उरल्या आहेत.

आपण जाऊ नये असे मी म्हणत नाही. घराला माणसे लागतात आणि आपल्या मावशीआजींना मी कदाचित ओळखतही असेन; काठावरच्या गावांत आमची सोयरीक होती. फक्त सहलीला आलेली माणसे त्या चौथऱ्यांवर चुली पेटवतात, बाटल्या टाकून जातात, दगड निसटवून नेतात, ते पाहवत नाही. आपली मुले तेथे गेली, तर हे कोणाचे तरी घर होते एवढे त्यांना सांगा.

पाटबंधारे निवृत्त (१० एप्रिल, रात्री ११.१०)

ताई, मी त्या विभागात होतो. आकडे मी वर लिहिले, पण आपण लिहिले ते लिहिले नाही. ते लिहायला हवे होते.

निवृत्त मास्तर (११ एप्रिल, सकाळी ७.००)

माझ्या नातवाच्या "ते कुठे गेले?" या प्रश्नाबरोबर "ते येण्यापूर्वी येथे काय होते?" हा प्रश्न यावर्षीपासून आमच्या वहीत असेल.

वेशीवरचा पिंपळ (१२ एप्रिल, रात्री ९.००)

सर्वांचे मनापासून आभार. काल घरात बैठक झाली आणि मी हा धागा सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. बुडीत गावची ताईंचा प्रतिसाद वाचताना आत्याने मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावला.

ठरले ते असे. महिनाभर जायचे. सकाळची न्याहारी माझ्याकडे, रात्रीचे जेवण भावाकडे. दुपारचे चार जणांत फिरते. आईला चुलीपाशी यायचे असेल तेव्हा ती येईल, पण तिच्या नावावर एकही वेळ लिहिलेली नाही. हे ऐकून आईच पहिल्यांदा रागावली आणि रात्री झोपताना म्हणाली, की लोणच्याच्या कैऱ्या मात्र मीच चिरणार. शाकारणीला माणूस सांगितला आहे. परड्यात दुसरी तात्पुरती न्हाणी बांधतो आहोत. ग्रामीण रुग्णालयात मंगळवारी जाऊन येतो.

भाऊ अजूनही चार दिवसांवरच आहे. दहा दिवस राहून पाहतो, असे म्हणाला आहे.

रंकाळ्याची संध्याकाळ (१२ एप्रिल, रात्री ९.३५)

भडंग पाच किलो न्या. दोन किलोंत दहा माणसांचा एक आठवडासुद्धा निघणार नाही.

वेशीवरचा पिंपळ (११ जून, रात्री ८.४५)

मंडळी, परवा परतलो. मूळ प्रश्न मीच विचारला होता, त्यामुळे उत्तर लिहिणे माझे कर्तव्य आहे.

महिना जमला, खरे तर एकतीस दिवस आणि वर सहा. भाऊ दहाव्या दिवशी पुण्याला गेला आणि तेराव्या दिवशी परत आला. कारण विचारले नाही, त्याने सांगितलेही नाही. त्याच्या हातची मासळीची आमटी आता घरात नाव घेऊन मागितली जाते. गावातील मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदांकडून सकाळी ताजी मासळी मिळत असे, तीही काठावर होडी लागताक्षणी गेलो तरच.

सगळेच गोड झाले असे नाही. दुसऱ्या आठवड्यात वीज तीन दिवस नव्हती, भावाचे काम अडले आणि माझ्या पत्नीचे व भावजयीचे पाण्याच्या पिंपावरून चांगलेच वाजले. दोघी एक दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी, पुरुषांकडे मुले सोपवून, त्या दोघी आणि आत्या वाटाड्या मावशींबरोबर पाण्यावर गेल्या आणि अंधार पडताना ओल्या केसांनी परतल्या. आत्या एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिला पोहता येते, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. माहेरचा रस्ता, ही ओळ आपल्यासाठी.

मुलांनी पाच रविवारी पाच खुंट्या ठोकल्या. अंतरे अनुक्रमे एकोणीस, तेवीस, एकतीस आणि चौदा पावले. शेवटचे अंतर कमी का, यावर वडील आणि नात यांचा दोन दिवस वाद चालला. पाटबंधारे साहेबांनी निकाल द्यावा. चौथी खुंटी ठरलेल्या जागी ठोकता आली नाही, कारण टिटवी ओरडू लागली. माझ्या मुलीने आपल्या लहान भावाचा हात धरून त्याला जागच्या जागी उभे केले. अंडी दोन हातांवर होती.

वडील रोज पहाटे सोप्याच्या पायरीवर बसत. एकदा मी विचारले, की काय पाहता? ते म्हणाले, "मोजतो." आम्ही सगळे अजून झोपलेले असायचो.

आणि आता बुडीत गावची ताई. चौथ्या रविवारी आम्ही वाटाड्या मावशींना विचारून उघड्या पडलेल्या गावठाणाकडे गेलो. काहीही उचलले नाही, कोठेही बसलो नाही. मुलांनी चपला बाहेर काढल्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते. मावशी तिघी-चौघींची नावे घेत एकेक चौथरा दाखवत होत्या.

बुडीत गावची (११ जून, रात्री ११.५०)

पाराच्या मागे, विहिरीकडे उतरताना डाव्या हाताला तिसरा चौथरा. त्याच्यावर जाते होते का?

वेशीवरचा पिंपळ (१२ जून, सकाळी ६.२०)

होय. पालथे आहे. अर्धे गाळात आहे, पण वरचा दगड दिसतो. आत्याने त्यावरचा गाळ पदराने पुसला आणि पाणी घातले.

परवा रात्रीपासून धरण क्षेत्रात पाऊस सुरू झाला आहे. वाटाड्या मावशींचा आज पहाटे फोन आला होता. पाचवी खुंटी बुडाली. पुढच्या मे महिन्यात आम्ही एक तारखेलाच जाणार आहोत. आपण यावे. खाट आणि मच्छरदाणी जास्तीची आहे, आणि दुपारची भाकरी घेऊन आपल्यासोबत कोणी यायचे ते आपण सांगाल तसे.